मोजलेल्या गोळ्या, न मोजलेले डॉलर

२०२३ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, ग्रीन काउंटीच्या लोकप्रतिनिधींनी एका पिकअप ट्रकसाठी ५० हजार डॉलर मंजूर केले. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय घटक, पण ग्रीन काउंटीची लोकसंख्या एखाद्या तालुक्याइतकी, सत्तर हजारांच्या आसपास. रस्त्याकडेचा कचरा वेचायला तुरुंगातले कैदी नेतात, त्यांच्या ने-आणीसाठी हा ट्रक हवा होता. मागणी गैर नव्हती. पण पैसा ज्या खात्यातून गेला, तिथे तो ओपिऑइड, म्हणजे अफूवर्गीय वेदनाशामक, विकणाऱ्या कंपन्यांशी झालेल्या तडजोडीतून आला होता. त्याआधी त्याच तडजोडींतले सुमारे २४ लाख डॉलर काउंटीने आपले जुने कर्ज फेडायला वापरले होते.

ही बातमी केएफएफ हेल्थ न्यूज या आरोग्यविषयक वृत्तसंस्थेच्या पत्रकार अनेरी पटानी यांनी बाहेर आणली. ग्रीन काउंटीने कायदा मोडला नव्हता. टेनेसीतल्या एका तडजोडीत पैसा कशावर खर्चावा याची अटच नव्हती. गोळ्यांनी काउंटीच्या तिजोरीला वर्षानुवर्षे खड्डा पाडला, तो आता भरून निघतो आहे, असे या प्रकारच्या खर्चाचे समर्थन अनेक ठिकाणी केले जाते. तुरुंग, रुग्णवाहिका, आईबापांविना राहिलेल्या मुलांचा सांभाळ, या सगळ्यावर स्थानिक सरकारांचा पैसा खरोखर गेला होता, हे नाकारता येत नाही. तरीही ज्या घरात आज कोणी व्यसनाशी झगडते आहे, त्या घरापर्यंत या २४ लाखांतले काय पोहोचले, हा प्रश्न उरतोच. देशभरात असे ५० अब्ज डॉलरहून अधिक पैसे वाटले जात आहेत.

हा पैसा ज्या खटल्यांतून आला, त्यांची मुळे चाळीस वर्षांहून जुनी आहेत. १९८० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात अफूवर्गीय औषधे दिलेल्या ११ हजार ८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांत नवे व्यसन जडल्याची नोंद सापडली, एवढेच त्यात होते. हे रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णालयात होते. महिनोन्‌महिने घरी गोळ्या घेणाऱ्यांबद्दल ते पत्र काहीच सांगत नव्हते. तरी पुढे सहाशेहून अधिक लेखांनी त्याचा आधार घेतला आणि त्यांतल्या बहुतेकांनी तो 'व्यसन क्वचितच लागते' याचा पुरावा म्हणून घेतला.

१९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सीकॉन्टिन, म्हणजे ऑक्सीकोडोन या अफूवर्गीय औषधाची गोळी, बाजारात आणली. गोळीतले औषध शरीरात हळूहळू उतरते, त्यामुळे तिचा गैरवापर कमी होईल असे मानले जाते, असे वाक्य औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच होते. कंपनीचे विक्री प्रतिनिधी हे वाक्य घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यांत फिरले. खाणकाम करून पाठी मोडलेल्या माणसांच्या ॲपलाशियन डोंगराळ भागात गोळ्यांचा पूर सर्वांत आधी आला. २००७ मध्ये व्हर्जिनियातल्या ॲबिंग्डन गावच्या फेडरल न्यायालयात पर्ड्यूची संलग्न कंपनी आणि तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी औषधाबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला. दंड साठ कोटी डॉलरच्या वर गेला. कोणी तुरुंगात गेले नाही आणि विक्री चालूच राहिली.

वेस्ट व्हर्जिनियातले केर्मिट हे चारशे वस्तीचे गाव. तिथल्या एकाच औषध दुकानात दोन वर्षांत हायड्रोकोडोन या अफूवर्गीय औषधाच्या जवळपास ९० लाख गोळ्या आल्या. चार्ल्स्टनच्या 'गॅझेट-मेल' या वृत्तपत्राचे एरिक आयर यांनी हे आकडे खणून काढले आणि २०१७ चे पुलित्झर पारितोषिक त्यांना मिळाले. सहा वर्षांत त्या एका छोट्या राज्यात ७८ कोटी गोळ्या ओतल्या गेल्या होत्या. गोळ्या बनवणाऱ्यांइतकेच त्या पाठवणाऱ्या घाऊक वितरकांकडेही लोकांचे लक्ष गेले, त्यात आयर यांच्या बातम्यांचा वाटा मोठा आहे.

पुढचे चक्र कोणाच्याच हातात राहिले नाही. गोळ्या मिळणे अवघड झाले तसे २०१० नंतर लोक हेरॉइनकडे वळले. २०१३ नंतर बाजारात बेकायदा फेंटानिल आले, ज्याचा मिठाच्या काही कणांइतका डोस जीव घेऊ शकतो. २०२२ मध्ये अमलीपदार्थांच्या अतिमात्रेने अमेरिकेत सुमारे १ लाख ८ हजार माणसे दगावली.

खटले स्थानिक सरकारांनीच भरले होते. गावे, शहरे, काउंट्या, मूळ रहिवाशांच्या जमाती अशा सगळ्यांचे दावे डिसेंबर २०१७ मध्ये ओहायोतल्या क्लीव्हलंडच्या न्यायाधीश डॅन पोल्स्टर यांच्यासमोर एकत्र केले गेले. पुढे ही संख्या तीन हजारांवर गेली. जानेवारी २०१८ च्या पहिल्याच सुनावणीत, आपण इथे बसलो आहोत त्या एका दिवसात दीडशे अमेरिकी मरतील, असे पोल्स्टर यांनी वकिलांना सुनावले. निकालांची वर्षानुवर्षे वाट पाहण्यापेक्षा तडजोड करा आणि पैसा लवकर उपचारांकडे जाऊ द्या, हा त्यांचा आग्रह होता.

याच खटल्यात एक गोष्ट घडली, जिच्याशी आजच्या खर्चाची तुलना करावीच लागते. नियंत्रित औषधाची प्रत्येक गोळी कोणत्या कारखान्यातून कोणत्या दुकानात गेली याची नोंद अमेरिकेच्या अमलीपदार्थविरोधी खात्याकडे असते. ही नोंदवही वकिलांना मिळाली, पण जनतेसाठी ती बंद होती. 'वॉशिंग्टन पोस्ट' आणि 'गॅझेट-मेल'च्या मालक कंपनीने न्यायालयात एक वर्ष लढून २०१९ च्या जुलैमध्ये ती उघड करायला लावली. २००६ ते २०१२ या सात वर्षांत देशात ऑक्सीकोडोन आणि हायड्रोकोडोनच्या ७६ अब्ज गोळ्या वाटल्या गेल्याचे त्यातून कळले. आपल्या काउंटीत माणशी किती गोळ्या आल्या, कोणत्या कंपनीच्या आल्या, कोणत्या दुकानाने विकल्या, हे कोणीही नागरिक घरबसल्या पाहू शकत होता. कंपन्यांवरचा दबाव त्यानंतर वाढतच गेला. ऑक्टोबर २०१९ मध्ये ओहायोच्या दोन काउंट्यांचा पहिला खटला उभा राहण्याच्या काही तास आधी वितरकांनी आणि टेव्हा या औषध कंपनीने मिळून २६ कोटी डॉलरची तडजोड केली.

मोठी तडजोड जुलै २०२१ मध्ये जाहीर झाली. मॅकेसन, कार्डिनल हेल्थ आणि अमेरिसोर्सबर्गन हे तीन वितरक १८ वर्षांत २१ अब्ज डॉलर देणार होते, जॉन्सन अँड जॉन्सन ५ अब्ज. कंपन्यांनी दोष मान्य केला नाही. पुढे टेव्हा, ॲलर्गन या औषध कंपन्या आणि सीव्हीएस, वॉलग्रीन्स, वॉलमार्ट या दुकानसाखळ्या यांनीही हप्ते कबूल केले. हे पैसे सरकारांना मिळाले. मूल गमावलेल्या आईबापांना किंवा व्यसनातून सावरणाऱ्या माणसाला या राष्ट्रीय तडजोडींतून थेट काही मिळाले नाही, आणि म्हणून पैसा खर्च करणाऱ्या स्थानिक मंडळांवरची जबाबदारी आणखी वाढते.

करारनामा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तंबाखू होता. १९९८ मध्ये ४६ राज्यांनी सिगारेट कंपन्यांकडून २५ वर्षांत २०६ अब्ज डॉलरचा करार मिळवला होता आणि त्यात पैसा कशासाठी वापरावा याचे बंधन नव्हते. राज्यांनी अंदाजपत्रकातल्या तुटी भरल्या, रस्ते केले. न्यूयॉर्कच्या नायगारा काउंटीने सार्वजनिक गोल्फ मैदानाला पाणी शिंपडणारी यंत्रणा बसवली. नॉर्थ कॅरोलायनात तर या पैशाचा एक भाग तंबाखूच्या शेतीच्या आधुनिकीकरणालाच गेला. धूम्रपान रोखण्यावर वर्षाला जेमतेम तीन टक्के किंवा त्याहून कमी रक्कम खर्च होत राहिली. तो खटला सर्वप्रथम १९९४ मध्ये मिसिसिपीचे तत्कालीन ॲटर्नी जनरल माइक मूर यांनी भरला होता. ओपिऑइडच्या खटल्यांतही ते उतरले आणि यावेळी तंबाखूसारखे होऊ नये, असे जाहीरपणे बजावत राहिले.

म्हणून नव्या राष्ट्रीय करारात अट आली, की किमान ८५ टक्के पैसा ओपिऑइडची हानी भरून काढण्यावरच खर्च झाला पाहिजे. सोबत लांबलचक यादी जोडली गेली: अतिमात्रा उलटवणारे नॅलोक्सोन, मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिनसारखी व्यसनाच्या उपचारांची औषधे, गरोदर स्त्रियांचे उपचार, तुरुंगातल्यांचे उपचार, सुया बदलून देणारी केंद्रे, शाळांतले प्रतिबंधाचे काम. तंबाखूच्या करारापेक्षा हे कितीतरी पुढचे पाऊल होते आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

चूक पुढच्या कलमात झाली. राष्ट्रीय कराराने जाहीर हिशेब मागितला तो मुख्यतः उरलेल्या १५ टक्क्यांचा, म्हणजे जो पैसा या कामाबाहेर खर्च होईल त्याचा. ज्या ८५ टक्क्यांसाठी एवढा खटाटोप झाला, त्यांचा हिशेब लोकांसमोर मांडण्याची सक्ती नव्हती. आपण या कामाबाहेर खर्च केला असे कोणती काउंटी स्वतःहून कळवेल? वकील क्रिस्टीन मिन्ही एकटीच्या बळावर राज्यागणिक नियम गोळा करत होत्या. २०२३ च्या सुरुवातीला त्यांना दिसले, की पै न पै जाहीर करण्याचे वचन जेमतेम डझनभर राज्यांनी दिले आहे. केर्मिटच्या दुकानातली गोळी मोजता आली, पण तिच्या नुकसानभरपाईचा डॉलर कुठे गेला हे शोधायला पत्रकारांना काउंटीगणिक बैठकांची इतिवृत्ते चाळावी लागली. करार करणाऱ्यांना हे टाळता आले असते. मोजदाद केल्याने काय होते हे दोन वर्षांपूर्वीच त्यांनी पाहिले होते.

पुढे केएफएफ हेल्थ न्यूज, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि शॅटरप्रूफ ही संस्था यांनी मिळून देशभरची कागदपत्रे जमवली. २०२२ आणि २०२३ मध्ये राज्यांना आणि स्थानिक सरकारांना ६ अब्ज डॉलरहून अधिक मिळाले होते. त्यांतले सुमारे २.७ अब्ज खर्च झाले होते किंवा खर्चासाठी ठरले होते. सर्वांत मोठा वाटा उपचारांना गेला होता, ही चांगली बातमी. पण काही ठिकाणी काहीच सापडले नाही, आणि जिथे सापडले तिथे खर्चाच्या व्याख्या इतक्या सैल होत्या, की पोलिसांच्या गाड्याही 'हानी भरून काढणे' या सदरात बसत होत्या.

ओहायोने आपल्या पैशातला ५५ टक्के वाटा वनओहायो रिकव्हरी फाउंडेशन या खासगी संस्थेकडे सोपवला. राजकारण्यांच्या हाती पैसा पडू नये, हा हेतू चांगला होता. पण संस्थेने आपल्यावर सार्वजनिक नोंदींचा कायदा लागू नाही, अशी भूमिका घेतली. हार्म रिडक्शन ओहायो या संघटनेने तिला न्यायालयात खेचले आणि मे २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने संघटनेच्या बाजूने कौल दिला. दोनच महिन्यांत राज्याच्या विधिमंडळाने अंदाजपत्रकाच्या विधेयकात एक तरतूद घुसवून संस्थेला त्या कायद्यातून वगळले.

न्यू जर्सीतल्या इर्व्हिंग्टनची गोष्ट मार्च २०२५ मध्ये राज्याच्या महालेखापालांच्या अहवालातून बाहेर आली. या छोट्या शहराने ओपिऑइडविषयी जागृतीच्या नावाखाली २०२३ आणि २०२४ मध्ये दोन संगीत मैफली भरवल्या आणि त्यांवर ६ लाख ३२ हजार डॉलर खर्च केले. त्यात पॉपकॉर्न आणि कॉटन कँडीची यंत्रे होती. मोठी रक्कम नगरपालिकेच्याच एका कर्मचाऱ्याला आणि त्याच्या व्यवसायांना गेल्याचे अहवाल सांगतो. लोक जमले आणि त्यांना माहिती मिळाली, असा बचाव शहराने केला. त्या रकमेत नॅलोक्सोनच्या किती कुप्या आल्या असत्या, हा हिशेब करताना राग आवरत नाही.

इंडियानातल्या स्कॉट काउंटीची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सलते. २०१५ मध्ये तिथल्या ऑस्टिन गावात सुया वाटून घेतल्यामुळे एचआयव्हीची साथ पसरली. सुई बदलून देणाऱ्या केंद्राने ती आटोक्यात आणली आणि २०२१ मध्ये काउंटीने ते केंद्रच बंद केले. तडजोडीचा पैसा आला तेव्हा त्यातला मोठा भाग आरोग्य अधिकारी आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांच्या, आधीपासून चालू असलेल्या, पगारांवर गेला. असा खर्च कागदावर अगदी चोख दिसतो. आरोग्यासाठी आलेला पैसा आरोग्यावरच गेला. पण जुना खर्च नव्या खात्यावर टाकला, तर व्यसनी माणसाच्या वाट्याला नवी खाट, नवा समुपदेशक, नवा दवाखाना काहीच येत नाही. देशभरात या मुद्द्यावर तंटे आहेत.

याउलट नॉर्थ कॅरोलायना. तंबाखूच्या पैशाचे जिथे तसे झाले होते, त्याच राज्याने या वेळी सर्वांत काटेकोर करार लिहिला. तेव्हाचे ॲटर्नी जनरल आणि आताचे गव्हर्नर जॉश स्टाइन यांनी राज्यातल्या सर्व १०० काउंट्यांना आणि अनेक नगरपालिकांना एका करारावर सह्या करायला लावल्या. ८५ टक्के पैसा थेट स्थानिक सरकारांकडे, राज्याकडे फक्त १५. काउंटीने तो वेगळ्या खात्यात ठेवायचा. खर्चापूर्वी मंडळाने ठराव करायचा आणि कोणता उपाय, किती रक्कम, किती काळासाठी, हे त्यात लिहायचे. पुराव्याने सिद्ध झालेल्या बारा उपायांची छोटी यादी आहे, तिच्यातला उपाय निवडला तर काम सोपे. यादीबाहेरचे काही करायचे असेल तर आधी लोकांना, डॉक्टरांना, व्यसनातून बाहेर आलेल्यांना बोलावून योजना आखायची. सगळा हिशेब एका संकेतस्थळावर येतो. गैरखर्च तिथेही होऊ शकतो, पण तो लपवणे अवघड जाते.

कोणत्या उपायाने जीव वाचतात, याचा पुरावा तडजोडींच्या आधीपासून होता. व्यसनी माणूस तुरुंगात जातो तेव्हा त्याचे औषध थांबते, शरीराची सहनशक्ती उतरते आणि सुटल्यावर तो जुन्याच मात्रेने सुई टोचतो. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे म्हणून सर्वांत घातक. ऱ्होड आयलंडने २०१६ पासून आपल्या तुरुंगांत मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्सोन ही तिन्ही औषधे द्यायला सुरुवात केली, आणि सुटका झाल्यावर ते उपचार बाहेरच्या दवाखान्यात चालू राहतील अशी सोय केली. वर्षभरात नुकत्याच सुटलेल्यांमधले अतिमात्रेचे मृत्यू सुमारे ६१ टक्क्यांनी घटले. एवढा परिणाम करणारा उपाय आरोग्यसेवेत फार क्वचित सापडतो. तरीही अनेक काउंट्यांच्या तुरुंगांत ही औषधे आजही मिळत नाहीत. एका नशेच्या जागी दुसरी नशा देता, असे म्हणणारे शेरीफ, म्हणजे काउंटीचे पोलीसप्रमुख, आणि न्यायाधीश अजून आहेत, आणि तडजोडीच्या पैशाने तुरुंगाला अंगझडतीचे यंत्र घेणे त्यांना सोपे वाटते.

ऱ्होड आयलंडने तडजोडीच्या पैशातून याहून धाडसी पाऊल उचलले. जानेवारी २०२५ मध्ये प्रॉव्हिडन्स शहरात राज्याच्या कायद्याने मान्य झालेले देशातले पहिले केंद्र उघडले, जिथे माणूस स्वतःजवळचा अमलीपदार्थ प्रशिक्षित लोकांच्या नजरेखाली घेतो, अतिमात्रा झाली तर तिथेच त्याचा जीव वाचवला जातो आणि तयार असेल त्याला उपचारांकडे नेले जाते. त्याला विरोध करणारे पुष्कळ आहेत. पण ही चर्चा उघड झाली, सल्लागार समितीत झाली, आणि रक्कम सगळ्यांना ठाऊक आहे.

२०२४ मध्ये अतिमात्रेचे मृत्यू घसरून सुमारे ८० हजारांवर आले. त्यामागे किती कारणे आहेत यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, मात्र नॅलोक्सोन सर्वत्र पोहोचल्याचा वाटा बहुतेक जण मानतात. पैसा आता कुठे रुजू लागला होता, तेवढ्यात दुसरीकडून ओढ सुरू झाली. ओपिऑइड व्यसनाच्या उपचारांचा सर्वांत मोठा खर्च गरिबांसाठीची मेडिकेड योजना उचलते, आणि जुलै २०२५ मध्ये तिच्यावर मोठी कात्री चालवणारा कायदा झाला. राज्यांची नजर तडजोडीच्या खात्याकडे वळली. न्यू जर्सीच्या विधिमंडळाने तर त्याआधीच, जूनमध्ये, राज्याच्या वाट्यातले ४.५ कोटी डॉलर मोठ्या रुग्णालय समूहांना देऊन टाकले. सल्लागार परिषदेने सुचवलेली योजना वेगळी होती आणि राज्याचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल मॅथ्यू प्लॅटकिन यांचा याला उघड विरोध होता.

पैसा येणे मात्र थांबलेले नाही. जुलै २०२५ मध्येच आणखी आठ कंपन्यांनी मिळून सुमारे ७२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांत मुंबईत मुख्यालय असलेली सन फार्मा सुमारे ३ कोटी देणार आहे आणि अहमदाबादची झायडस दीड कोटीच्या आसपास. पर्ड्यूची दिवाळखोरी २०१९ पासून रेंगाळली होती. मालक सॅकलर कुटुंबाला पुढच्या दाव्यांपासून कायमचे संरक्षण देणारी तडजोड अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी फेटाळली. त्यानंतर ७.४ अब्ज डॉलरची नवी योजना ठरली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरी न्यायालयाने ती मान्य केली. हप्ते पंधरा वर्षे चालणार असले तरी मोठा भाग पहिल्या तीन वर्षांतच येईल. तो ज्या काउंट्यांकडे जाईल त्यांत पिकअप ट्रक घेणाऱ्याही आहेत आणि ठरावात उपाय लिहिणाऱ्याही. मिसिसिपीत, माइक मूर यांच्या स्वतःच्या राज्यात, आधीच्या राष्ट्रीय तडजोडींतला शहरांचा आणि काउंट्यांचा वाटा कोणत्याही सार्वजनिक कामावर खर्च करण्याची मुभा दिली गेली, आणि व्यसनात मुले गमावलेले तिथले पालक या पैशाचा जाब विचारत आहेत.